नऊ वर्षांपूर्वी मंजुरी मिळाली, मग ग्रीन कार्ड का येत नाही?

खानापूर तालुक्यातल्या एका निवृत्त शिक्षकांचा प्रश्न आहे. मुलगा इंजिनिअर, २०१२ पासून अमेरिकेत एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर. कंपनीनं ग्रीन कार्डासाठी ईबी-२ मध्ये, म्हणजे उच्च पदवीवाल्यांच्या वर्गात, अर्ज केला, प्रायॉरिटी डेट मार्च २०१६ ची, आणि त्याच वर्षी आय-१४०, म्हणजे कंपनीनं त्याच्यासाठी केलेली मागणी, प्रीमियममध्ये बारा दिवसांत मंजूर झालं. त्यानंतर काहीच हललं नाही. नात जून २०१० ची, जन्म बेळगावचा. गावातला एक एजंट म्हणतो, वकील नीट नाही, पैसे भरले तर काम लवकर होईल. पत्रात घरच्या जमिनीचाही उल्लेख आहे. गुरुजी विचारतात: फाइलमध्ये काही गडबड आहे का? वकील बदलावा का? नातीचं काय होणार? आणि आम्ही म्हातारा-म्हातारी इथून काय करू शकतो?

सर, तुम्ही लिहिलंय त्यावरून फाइलमध्ये काहीही गडबड दिसत नाही. आय-१४० मंजूर आहे म्हणजे मुलाची नोकरी, पगार, पदवी, कंपनीची ऐपत हे सगळं सरकारनं तपासून मान्य केलेलं आहे. आता उरलाय तो नंबर. तो नंबर वकिलाच्या हातात नाही, कंपनीच्या हातात नाही, आणि त्या एजंटाच्या हातात तर मुळीच नाही. मी स्वतः वकील नाही. अमेरिकेतल्या इमिग्रेशन वकिलांच्या ऑफिसात नोकरीच्या केसेसवर बरीच वर्षं काम केलं, आता बेळगावच्या टिळकवाडीत बसून आपल्या भागातल्या लोकांची कागदपत्रं लावून देतो. त्यामुळे सल्ला शेवटी मुलाच्या वकिलाचाच घ्यायचा. पण काय चाललंय ते समजलं तर घरात रोजची धास्ती राहणार नाही.

नोकरीवरच्या ग्रीन कार्डाचे तीन टप्पे असतात. आधी पर्म: कंपनी जाहिराती देऊन दाखवते की या कामाला लायक अमेरिकन माणूस मिळाला नाही. हा अर्ज ज्या दिवशी कामगार खात्यात दाखल होतो तीच प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतली तुमची जागा. मग आय-१४०. आणि नंबर आला की आय-४८५, म्हणजे प्रत्यक्ष कार्डाचा अर्ज. पहिले दोन टप्पे मुलाचे झाले. दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधल्या फटीत तो नऊ वर्षं उभा आहे.

ही फट १९९० च्या कायद्यातून आलीय. नोकरीच्या वर्गात वर्षाला साधारण १,४०,००० कार्डं, आणि कुठल्याही एका देशात जन्मलेल्यांना त्यातली सात टक्क्यांहून जास्त नाहीत. निपाणी-चिकोडीकडच्या माणसाला हे उसाच्या भाषेत सांगतो. समजा कारखान्यानं ठरवलं की गाव कितीही मोठं असो, एका गावाचा ऊस एकूण गाळपाच्या शेकडा सातच्या वर उचलायचा नाही. शंभर एकरांचं गाव आठवड्यात मोकळं होईल, दहा हजार एकरांच्या गावाचा ऊस फडातच तुरे सोडेल. भारत हे ते दहा हजार एकरांचं गाव.

आकड्यात बघा. ईबी-२ च्या वाट्याला सगळ्या जगासाठी मिळून ४०,००० च्या आसपास कार्डं येतात. त्याचे सात टक्के म्हणजे सुमारे २,८००. यात बायको आणि मुलंही मोजली जातात. घरटी तीन माणसं धरली तर वर्षाला हजार कुटुंबंसुद्धा होत नाहीत. दुसऱ्या देशांनी न वापरलेली कार्डं असतील तर ती सगळ्यात जुन्या तारखेच्या माणसांकडे, म्हणजे बहुतेक भारतीयांकडे वळतात. रांग पुढे सरकते ती मुख्यतः याच उरल्यासुरल्यावर. म्हणून ती कधी धावते, कधी थिजते, कधी चक्क मागे जाते.

मागे जाते, हे लोकांना खरं वाटत नाही. कोरोनात कुटुंबाच्या वर्गातली कार्डं वापरली गेली नाहीत, ती नियमाप्रमाणे पुढच्या वर्षी नोकरीच्या वर्गात आली, आणि १,४०,००० च्या जागी एका वर्षी २,६०,००० च्या वर, पुढच्या वर्षी २,८०,००० च्या आसपास कार्डं झाली. अमेरिकेचं परराष्ट्र खातं दर महिन्याला व्हिसा बुलेटिन काढतं. त्यात जी तारीख असते तिच्या आधीची प्रायॉरिटी डेट असलेल्यांचा नंबर लागतो. सप्टेंबर २०२२ मध्ये भारताची ईबी-२ ची तारीख १ डिसेंबर २०१४ पर्यंत पोचली होती. पुढच्याच महिन्यात ती १ एप्रिल २०१२ वर आली आणि एप्रिल २०२३ मध्ये १ जानेवारी २०११ वर. तुमच्या मुलानं तेव्हा पेढे वाटायची तयारी केली असेल तर मला आश्चर्य वाटणार नाही. त्या वर्षी बऱ्याच घरांत असंच झालं. ऑक्टोबर २०२५ च्या बुलेटिनमध्ये ही तारीख १ एप्रिल २०१३ होती. मार्च २०१६ गाठायला तिथून जवळपास तीन वर्षांच्या तारखा. याचा अर्थ तीन वर्षांत नंबर येईल असा नाही. एका वर्षाच्या तारखा ओलांडायला कधी सहा महिने लागतात, कधी चार वर्षं. ‘अमुक साली होणार’ असं ठामपणे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

कायदा बदलेल का, हाही प्रश्न हमखास येतो. देशवार मर्यादा काढणारं विधेयक २०१९ मध्ये अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहात ३६५ विरुद्ध ६५ मतांनी मंजूर झालं. डिसेंबर २०२० मध्ये सिनेटनं आपली वेगळी आवृत्ती मंजूर केली. दोन्हींचा मेळ बसला नाही आणि ते तिथेच संपलं. २००४ पासून सुप्रीम कोर्टातल्या दाव्याच्या तारखा ऐकणाऱ्या सीमाभागातल्या माणसाला यावर जास्त काय सांगू.

आता एक प्रश्न मी तुम्हाला विचारतो, कारण पत्रात तो उल्लेख नाही. सूनबाईंचा जन्म कुठला? रांग नागरिकत्वावर नाही, जन्माच्या देशावर ठरते, आणि नवरा-बायकोपैकी ज्याचा जन्मदेश सोयीचा असेल तो दोघांना वापरता येतो. आपल्याकडे मस्कत, कुवेत, दुबईला नोकरी केलेली घरं कमी नाहीत. सूनबाईंचे वडील तिकडे असताना त्यांचा जन्म तिथे झाला असेल, पासपोर्ट भारताचाच असला तरी, तर तुमच्या मुलाला भारताच्या रांगेत थांबायची गरजच नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये बाकी जगाची ईबी-२ ची तारीख १ डिसेंबर २०२३ होती. मार्च २०१६ वाल्याचा नंबर कधीच येऊन गेला असता. निपाणीकडच्या एका जोडप्याला हे कित्येक वर्षं कुणी विचारलंच नव्हतं. मुलाबाळांच्या जन्मदेशाचा मात्र यात उपयोग होत नाही. आई-बापाला मुलाच्या जन्माचा फायदा मिळत नाही.

याच्या उलटा गैरसमज गोव्याकडून येतो. खानापूरपासून हद्द जवळ, नात्यात कुणीतरी पोर्तुगालचा पासपोर्ट काढलेला असतो, आणि मग सल्ला मिळतो की तोच काढ म्हणजे युरोपच्या रांगेत जाशील. नाही जाणार. पासपोर्ट बदलला तरी जन्मगाव बदलत नाही.

नातीचा प्रश्न खरा अवघड आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. मूल अविवाहित आणि एकवीसच्या आत असेल तरच ते आई-वडिलांच्या अर्जात बसतं. नात जून २०३१ मध्ये एकवीसची होईल. मुलांचं वय धरण्याचा एक कायदा आहे, त्यात आय-१४० जितके दिवस निर्णयाविना पडून होतं तितके दिवस मुलाच्या वयातून वजा होतात. इथे गंमत अशी की तुमच्या मुलानं जादा फी भरून प्रीमियम केलं, निकाल बारा दिवसांत आला, म्हणून नातीच्या पदरात बाराच दिवस पडतात. साध्या मार्गानं आठ महिने लागले असते तर आठ महिने मिळाले असते. त्या वेळी हा विचार कुणी करत नाही, आणि करायला सांगणारेही थोडे. वय मोजताना कुठली तारीख धरायची हेही बदललंय: १५ ऑगस्ट २०२५ पासून दाखल होणाऱ्या अर्जांना बुलेटिनमधल्या दोन तक्त्यांपैकी ‘फायनल अ‍ॅक्शन’चा, म्हणजे मागे असलेला तक्ता लागतो. आधी काही काळ पुढचा, अर्ज भरण्याचा तक्ता चालत होता. म्हणजे अर्ज लवकर भरता आला तरी वय तिथे गोठेलच असं नाही.

थोडक्यात, २०३१ मध्ये नातीच्या एकविसाव्या वाढदिवसानंतर बारा दिवस उलटण्याआधी तो तक्ता मार्च २०१६ ओलांडून गेला पाहिजे, आणि मग वर्षाच्या आत नातीचा अर्ज गेला पाहिजे. होऊ शकतं. धरून चालू नका. मुलाला सांगा की नात दहावी-अकरावीत असतानाच तिच्या कॉलेजची दुसरी वाट, म्हणजे स्वतःचा विद्यार्थी व्हिसा, वकिलाशी बोलून ठेवायची. वय उलटलं तर मुलाला कार्ड मिळाल्यावर तो तिच्यासाठी वेगळा अर्ज करू शकतो, पण तीही रांग वर्षांचीच.

वकील बदलण्याबद्दल: बहुतेक ठिकाणी वकील कंपनीचा असतो, मुलाचा नाही. पर्मचा खर्च कायद्यानं कंपनीनंच करायचा असतो. वकील बदलून रांग हलत नाही. मुलानं वकिलाला विचारण्यासारखं एकच आहे: त्याच पर्मवर ईबी-३ मध्ये, म्हणजे त्याच्या खालच्या वर्गात, दुसरं आय-१४० टाकून ठेवता येईल का? ऑक्टोबर २०२५ मध्ये भारताची ईबी-३ ची तारीख २२ ऑगस्ट २०१३ होती, ईबी-२ च्या जरा पुढे. कधी ही पुढे, कधी ती. दोन्हीकडे पाय ठेवला तर जी आधी येईल ती पकडता येते. अर्थात ज्या कंपनीनं पर्म केलं ती तयार पाहिजे.

एजंटाचे ‘लवकरचे मार्ग’ बहुधा दोनच असतात. एक ईबी-१. हा वर्ग खरा आहे, आणि महत्त्वाचं म्हणजे मुलाची २०१६ ची तारीख तिकडे सोबत जाते. ऑक्टोबर २०२५ मध्ये तिथली भारताची तारीख १५ फेब्रुवारी २०२२ होती, म्हणजे ईबी-१ मंजूर झालं की त्याचा नंबर लगेच लागेल. पण त्यासाठी माणूस आपल्या क्षेत्रात खरोखर नामांकित हवा, किंवा कंपनीच्या परदेशातल्या ऑफिसात किमान एक वर्ष मॅनेजर म्हणून काम करून मग अमेरिकेत बदलीवर आलेला हवा. काही जण त्यासाठी बेंगळुरूच्या ऑफिसात येऊन राहतात आणि ते रीतसर आहे. पैसे देऊन मिळवलेले पुरस्कार, दुसऱ्याकडून लिहून घेतलेले शोधनिबंध, विकतचं परीक्षकपद, हे सगळं हल्ली पकडलं जातं. खोटेपणाचा ठपका बसला तर आज हातात असलेली प्रायॉरिटी डेटसुद्धा निरुपयोगी ठरू शकते. नऊ वर्षांची जागा असल्या गोष्टीवर लावायची नाही.

दुसरा मार्ग गुंतवणुकीचा, ईबी-५. ग्रामीण किंवा बेरोजगारीच्या भागातल्या प्रकल्पात ८,००,००० डॉलर, म्हणजे सात कोटींच्या घरात. तुम्ही जमिनीचा उल्लेख केलाय म्हणून सांगतो. एक तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानं एका माणसाला वर्षाला २,५०,००० डॉलरच बाहेर पाठवता येतात. दुसरं, पैसा कुठून आला हे रुपया-रुपयानं दाखवावं लागतं: उतारा, खरेदीखत, बँकेतली जमा, भरलेला कर. आपल्याकडे जमिनीचा व्यवहार कसा होतो तुम्हाला ठाऊक आहे. खरेदीखतात एक आकडा, हातात दुसरा. तो दुसरा आकडा तिथे चालत नाही. वडिलोपार्जित जमीन विकून हे करावं असं मला तरी वाटत नाही. गुंतवणूक बुडूही शकते, आणि नियमाप्रमाणे ती बुडण्याची शक्यता असलेलीच असावी लागते.

नोकरीबद्दल घरात घबराट असेल तर एवढं पुरे: आय-१४० मंजूर असल्यामुळे सहा वर्षांच्या मर्यादेनंतरही एच-१बी तीन-तीन वर्षांनी वाढतो. मंजुरीला १८० दिवस उलटून गेल्यावर कंपनीनं ते मागे घेतलं तरी वाढ मिळत राहते. नवी कंपनी लागली तर पर्म आणि आय-१४० पुन्हा, पण तारीख मार्च २०१६ चीच. नोकरी गेली तर साठ दिवसांपर्यंतची मुदत असते. सप्टेंबर २०२५ मध्ये जाहीर झालेली एक लाख डॉलरची फी अमेरिकेत राहून केलेल्या मुदतवाढीला लागू नाही. सूनबाई एच-४ वर, म्हणजे एच-१बी वाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, काम करत असतील तर तेही याच मंजूर आय-१४० मुळे. फक्त भारतात येताना पासपोर्टवरचा व्हिसा संपलेला असेल तर जपून. आता शिक्का मारून घ्यायला मेक्सिको-कॅनडाची सोय राहिलेली नाही, आणि डिसेंबर २०२५ मध्ये इथल्या अपॉइंटमेंट महिनोन्‌महिने पुढे ढकलल्या गेल्या तेव्हा सुटीला आलेले लोक इकडेच अडकले. घरच्या कार्याला ये म्हणून हट्ट धरण्याआधी त्याचा व्हिसा कधीपर्यंत आहे ते विचारा.

आता तुम्ही काय करायचं. खरं काम इथेच आहे. नंबर येतो तेव्हा सगळं एकदम मागतात, आणि मग लोक मुंबई-बेळगाव धावपळ करतात.

मुलाचा जन्मदाखला काढून समोर ठेवा. तुमच्या पिढीत पहिलं बाळंतपण माहेरी. खानापूर, बेळगाव तालुक्यातल्या कितीतरी घरांत आईचं माहेर चंदगड नाहीतर आजरा. मुलगा जन्मला चंदगडला, वाढला खानापूरला, आणि पासपोर्टवर जन्मगाव लागलं ‘बेळगाव’. नोंद जिथे जन्म तिथेच होते, म्हणून खानापूरच्या तहसीलदार कचेरीत कितीही शोधलं तरी सापडत नाही, आणि लोक समजतात नोंदच नाही. आधी सौ. ना विचारा, मग कुठल्या कचेरीत जायचं ते ठरवा. चंदगडची नोंद निघाली तर राज्य महाराष्ट्र, जिल्हा कोल्हापूर, आणि फॉर्मवर तेच लिहायचं. पासपोर्टवरचं वेगळं असेल तर वकील खुलासा जोडेल. बेळगावची निघाली तर कर्नाटक. त्या रकान्यात सीमाप्रश्न आणायचा नाही. १ नोव्हेंबर २०१४ पासून ‘बेळगाव’चं ‘बेळगावी’ झालं, त्याची मात्र काळजी नको.

दाखला हातात आल्यावर बघा: नावाचा रकाना भरलाय का? जुन्या नोंदींत तिथे नुसती रेघ असते, कारण बारशाआधीच नोंद झालेली. आईचं नाव माहेरचं आहे की सासरचं? आणि जन्मतारीख. तुम्ही शिक्षक होतात, तेव्हा १ जूनची भानगड तुम्हाला मी काय सांगणार. दाखल्यावर १४ मार्च, शाळेच्या दाखल्यावर आणि म्हणून पासपोर्टवर १ जून, असं निघालं तर घाबरून १ जूनचा नवा दाखला ‘करून’ आणायचा नाही. जे आहे ते वकिलाला दाखवायचं.

नोंद खरोखरच नसेल तर जन्म-मृत्यू निबंधकाकडून ‘नोंद उपलब्ध नाही’ असा दाखला घ्या. तो असला की शाळा सोडल्याचा दाखला आणि जन्माची प्रत्यक्ष माहिती असलेल्या दोघांची प्रतिज्ञापत्रं चालतात. तुम्ही आणि सौ. दोघे आहातच, पण मुलाचे मामा किंवा आत्या असतील तर त्यांचंही एक करून ठेवा. त्यात त्यांचं स्वतःचं नाव, पत्ता, जन्मतारीख, नातं आणि ‘मला हे कसं माहीत’ ही ओळ हवी. हे आत्ताच करा असं सांगतो त्याचं कारण वय. ज्यांना आठवतं ती माणसं ऐंशीच्या घरात आहेत. उशिरा नवी नोंद करायची तर २०२३ च्या दुरुस्तीनंतर जिल्हाधिकारी किंवा प्रांताधिकाऱ्यांचा आदेश लागतो, पूर्वीसारखं मॅजिस्ट्रेट कोर्टात जावं लागत नाही. पण उशिराच्या नोंदीवर तिकडे जास्तीचा पुरावा मागतात, त्यामुळे प्रतिज्ञापत्रं सुटत नाहीत.

कन्नडमधला दाखला असेल तर त्याचं पूर्ण इंग्रजी भाषांतर हवं, शिक्क्यांवरच्या मजकुरासकट, आणि खाली भाषांतरकारानं दोन्ही भाषा येतात आणि भाषांतर बरोबर आहे असं लिहून सही करायची. नोटरीची गरज नाही. कोर्टाच्या आवारात त्यासाठी पैसे मोजू नका. नातीचा दाखलाही बघून घ्या. तो महापालिकेचा असेल, त्यात नाव चढवायचं राहिलं असेल तर नोंद झाल्यापासून पंधरा वर्षांची मुदत असते, ती उलटली असेल तर काय करता येईल ते निबंधकाला विचारा.

आणि तुम्हा दोघांना यात कार्ड मिळत नाही, हे स्पष्ट सांगतो, कारण एजंट तेही आश्वासन देतात. मुलाला कार्ड मिळून पाच वर्षांनी तो नागरिक झाला, तर आई-वडिलांसाठी अर्ज करता येतो आणि त्याला रांग नाही. तोपर्यंत भेटीचा व्हिसा.

लग्नाची नोंद झाली नसेल तर ती सब-रजिस्ट्रारकडे करून घ्यायची, म्हणून मुलगा-सून पुढच्या वेळी येतील तेव्हा लग्नपत्रिका, लग्नातले फोटो आणि साक्षीदार तयार ठेवा, आणि सुटीच्या पहिल्याच आठवड्यात ते काम उरकून घ्या.